बेस स्वस्तातला, बाकी नंतर

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, बेस स्वस्तातला घ्यायचा आणि बाकी नंतर करून घ्यायचं, यात माझं चुकलं काय? अख्खी दुनिया असंच करते! पिझ्झ्याचा बेस आणतात, वर हवं ते घालतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. केकचा बेस आणतात, वर क्रीम थापतात, त्यांचे तर वर फोटो काढतात! आणि मी एक पिस्तूल काय तसं घेतलं, तर आमच्या गावात, म्हणजे विस्कॉन्सिनच्या पार वरच्या टोकाला जेवढं म्हणून गाव उरलंय तेवढ्यात, शुक्रवारी तळलेल्या मासळीच्या जेवणाला मी नेमबाजीच्या क्लबात शिरले की माना वळतात, आणि मागून कोणीतरी विचारतंच, "काय रोंडा, त्या काट्याचमच्याला नवीन मूठ बसवलीस की नाही अजून?"

हसा, हसा. मीही हसते. न हसून सांगते कुणाला!

तुम्हाला सांगते, माझा स्वभावच आहे तो. घर घेतलं तेव्हा क्लेटन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, जरा तयार घर बघू. मी म्हटलं, छे! बेस स्वस्तातला घ्यायचा, बाकी नंतर करता येतं! बेस घेतला. मुलं मोठी होऊन उडून गेली, स्वयंपाकघराच्या छताला अजून एका कोपऱ्यात प्लायवूड आहे. आणि खरं सांगू का, क्लेटनसुद्धा मी बेस म्हणूनच घेतला होता. उंच, धट्टाकट्टा, दात आपले आपले... म्हटलं, बोलायला वगैरे नंतर शिकवू. अजून "हं"च्या पुढे गाडी गेलेली नाही. "हं" म्हणजे हो, "हं?" म्हणजे काय, आणि "हंऽऽ" म्हणजे मी तुला आधीच सांगितलं होतं. या "हंऽऽ"वर आपण परत येणारच आहोत.

पण मूळ दुखणं पिस्तुलाचं नाही बरं का. मूळ दुखणं पावाचं.

सांगते. माझी नणंद डार्ला. क्लेटनची मोठी बहीण. बाई वाईट नाही, अजिबात नाही, आजारी पडलात तर सगळ्यात आधी सूप घेऊन दारात ती. पण थँक्सगिव्हिंगचं जेवण दरवर्षी तिच्या घरी, आणि दरवर्षी नोव्हेंबर लागला की तिचा फोन, तोच आवाज, वरून मधात बुडवलेला, "अगं राणी, तू काहीऽऽ करू नकोस हं. तू आपले पाव आण."

पाव! दुकानातले! पिशवीतले! कोणी भोपळ्याची गोड पेस्ट्री आणतं, कोणी रताळी, डार्लाची सून, जिला लग्नाच्या आधी अंडं उकडता येत नव्हतं, तिला क्रॅनबेरीची चटणी दिलीय, आणि मी, जी रोज शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांना जेवू घालते, ती पाव! का? तर एका वर्षी मला हिरव्या शेंगांची भाजी करायला दिली होती. सासूबाईंची कृती. मी म्हटलं, बेस छान आहे, पण जरा... म्हणजे थोडं आलं, थोडं अननस... कोळंबी अगदी नावाला. लोकांनी खाल्लं हो! निदान पहिला घास तरी खाल्ला. तेव्हापासून पाव.

आता जेवण डार्लाकडेच का? तर त्याला कारण सासूबाईंचं भांडं. टर्की भाजायचं, निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, इनॅमलचं, एवढं मोठं की त्यात माझं पहिलं बाळ अंघोळ करायचं. आर्डिस, माझ्या सासूबाई, जाण्याआधी सांगून गेल्या की भांडं वाटून घ्यायचं नाही, विकायचं नाही, भांडायचं तर त्याहून नाही. हरिणविधवांच्या मॅचमध्ये आमच्या घरातली जी बाई वर येईल, तिच्याकडे वर्षभर भांडं. आणि ज्या घरात भांडं, त्या घरात थँक्सगिव्हिंग.

हरिणविधवा म्हणजे आम्हीच. नवरे जिवंत आहेत हो सगळ्यांचे! जंगलात आहेत. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की आमच्याकडचे पुरुष केशरी टोप्या घालून, बिअर आणि सॉसेज भरून झोपडीत जाऊन राहतात ते थेट थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचा वास आला की परत येतात. मग पहिल्या शनिवारी क्लब आमचा. सासूबाईंनीच ही मॅच सुरू केली. कॉफीची मोठी किटली, लिंबाची वडी, आणि पिस्तुलांची नेमबाजी. आणि दरवर्षी डार्ला वर, मी खाली. डार्ला वर, भांडं तिच्याकडे, पाव माझ्याकडे.

मला ना, तुम्हाला खरं सांगते, टर्कीचं एवढं काही नाही. डार्लाची टर्की तर अशी कोरडी असते की गिळताना पाण्याचा ग्लास हातातच धरावा लागतो. पण एकदा, एकदाच, माझ्या टेबलाची ती जोडफळी बाहेर काढून, सगळ्यांना म्हणावं असं फार वाटतं, "बसा गं, कोणी उठू नका, मी वाढते." एवढंच. प्लायवूडखाली का होईना.

म्हणून या वर्षी ठरवलं, जिंकायचं. आणि मी हरते कशाने, तर क्लेटनच्या पिस्तुलाने! त्याची मूठ म्हणजे ओंडका. माझे हात बघा. बघा ना! एवढेसे. त्यात शाळेतली पातेली उचलून बोटं आखडलेली. त्या ओंडक्याला धरलं की बोट चापापर्यंत पोचेपर्यंत डार्लाची अर्धी फेरी संपलेली असते. म्हणून माझ्या हाताला बेतलेलं, माझं स्वतःचं पिस्तूल हवं. मापाचं! लोक ब्लाउज मापाचे शिवतात, मी पिस्तूल शिवून घेणार!

क्लेटनला सांगितलं. तो म्हणाला, "तयार मिळतं. छोट्या हाताचं."

चार पूर्ण शब्द! एवढं बोलला म्हणजे विषय गंभीर असणार, हे मला कळायला हवं होतं. पण मी काय म्हटलं? बरोबर. बेस स्वस्तातला घ्यायचा, बाकी नंतर करून घेता येतं!

गेले व्हर्जिलच्या दुकानात. व्हर्जिलचं दुकान म्हणजे पुढे मासे पकडायचे गळ, मध्ये बंदुका, मागे कॉफी, आणि कॉफीभोवती चार म्हातारे जे सकाळी दुकान उघडताना आत येतात आणि बंद करताना झाडून बाहेर काढावे लागतात. मी आत शिरून नुसतं म्हटलं, "व्हर्जिल, मला बेस म्हणून एक स्वस्तातलं पिस्तूल हवंय, वरचं काम मी करून घेणार आहे," आणि झालं! चारही म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले. एवढी शांतता मी आमच्या चर्चमध्ये अनुभवलेली नाही.

व्हर्जिलने काउंटरवर हिरवी चटई अंथरली आणि एकेक पिस्तूल मांडलं, सोनार मांडतो तसं. सगळी एकाच जुन्या लष्करी घडणीची, कारण म्हणे त्याच घडणीला बदलायचे सुटे भाग ढिगाने मिळतात. पहिलं, चकचकीत, बारीक मूठ, नेम धरायला टोकावर उजळ माशी, मऊ चाप. व्हर्जिल म्हणाला, "हे बघ, रोंडा, हे तुझ्यासाठीच केलंय जणू. घे, घरी ने, विसरून जा."

किंमत बघितली. मी म्हटलं, "हे तर तयार आहे. मला बेस हवाय."

"अगं, पण तुला जे करून घ्यायचंय ते सगळं यात आहेच."

"म्हणूनच नको! त्या सगळ्याचे पैसे लावलेत ना यात!"

व्हर्जिलने म्हाताऱ्यांकडे बघितलं. म्हाताऱ्यांनी कपात बघितलं.

दुसरं, जुनं, वापरलेलं. काय सुंदर बेस, तुम्हाला सांगते! वजन छान, किंमत छान, फक्त वरच्या सरकत्या भागावर, त्याला स्लाइड म्हणतात, त्या स्लाइडवर वळणदार अक्षरांत कोरलेलं, "माझ्या लाडक्या ब्रेंडाला." मी म्हटलं, हे खोडता येईल ना? एक म्हातारा म्हणाला, "खोडता येईल, पण ब्रेंडा गावातच राहते." दुसरा म्हणाला, "आणि विकलंय तिनेच." मग मला वाटलं, ज्या पिस्तुलावर एवढं प्रेम करून शेवटी विकलं, ते घ्यावं की नाही... आणि डार्ला तर मला जन्मभर ब्रेंडाच म्हणाली असती.

तिसरं. करडं. खरखरीत. मूठ अशी की कोणी कुऱ्हाडीने तासलीय आणि मध्येच जेवायला गेलाय. माशी एवढीशी, काळ्यावर काळी. किंमत मात्र... आहाहा! मी उचललं, आणि माझ्या अंगावर काटा आला. हा माझा बेस!

आणि म्हाताऱ्यांचं धर्मयुद्ध सुरू झालं. पहिला म्हणतो, "हे ओतीव लोखंडाचं आहे. बेस घ्यावा तर घडीव." दुसरा म्हणतो, "माझं ओतीवच आहे, काय झालं त्याला?" पहिला म्हणतो, "तू झाडतोस कुठे? तू पुसतोस नुसतं!" तिसरा मला बाजूला घेऊन, अगदी मुलीला लग्नाआधी सांगावं तसं, "पोरी, बेस एकदाच घेतात. बाकी सगळं बदलता येतं, बेस बदलता येत नाही." चौथा काही बोलला नाही, त्याला ऐकू येत नाही, पण मान हलवत होता. मला तर कोणाचंच पटत होतं आणि सगळ्यांचंच पटत होतं. तास गेला, कॉफीची दुसरी किटली झाली, एक माणूस गळ घ्यायला आला होता तोही थांबून मत देऊन गेला. शेवटी व्हर्जिल म्हणाला, "रोंडा, बाई, मला एवढंच सांग, त्यावर काम करून घेणार ते कशासाठी?"

मी म्हटलं, "भांड्यासाठी."

त्याने पुढे विचारलं नाही. फॉर्म भरला, तपासणी झाली, तिसरं पिस्तूल घरी आलं. क्लेटनने डबा उघडला, बघितलं, डबा मिटला. "हंऽऽ."

सांगितलं होतं ना, परत येणार म्हणून.

मग सुरू झाला ऑटो. ऑटो म्हणजे आमच्याकडचा बंदुकांचा कारागीर. त्याचं वर्कशॉप तळघरात, आणि स्वभाव डॉक्टरांसारखा, म्हणजे वाईट बातमी देण्याआधी चष्मा काढणार. त्याने माझं करडं पिस्तूल दिव्याखाली धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा काढला. "कोणी विकलं हे तुला?"

"ऑटो, तो फक्त बेस आहे."

"ते दिसतंय."

पण माणूस भला. म्हणाला, "आधी मुठीच्या या जाड फळ्या काढून पातळ लावू. अक्रोडाच्या. मग झाडून बघ." लावल्या. क्लबात नेलं, झाडून बघितलं... आणि अहो, काय सांगू! गोळ्या सगळ्या काळ्या ठिपक्यात! माझं बोट चापावर असं अलगद पोचलं जणू तिथेच जन्मलं होतं! कागद घेऊन मी नाचत ऑटोकडे आले. ऑटोने कागद बघितला, चष्मा घातला, चांगल्या बातमीलाच घालतो तसा, आणि म्हणाला, "झालं की. पुरे आता. घरी जा."

पुरे?

पुरे म्हणजे काय? मी बेस कशासाठी घेतला होता? नुसत्या दोन फळ्या लावायला? बेस स्वस्तातला घ्यायचा तो बाकी नंतर करायला, आणि आता 'नंतर' आलं होतं आणि हा म्हणतो पुरे!

मी म्हटलं, "ऑटो, ती माशी मला नीट दिसत नाही. उजळ माशी बसव."

ऑटोने चष्मा काढला. "स्वस्तातल्या पिस्तुलाची खाच वेगळी असते. बाजारातली माशी बसणार नाही. स्लाइड कापून खाच करावी लागेल."

"मग काप."

"कापली की रंग जाईल."

"मग रंग दे."

"वरच्याला दिला की खालचं कळकट दिसेल."

"मग खालच्यालाही दे!"

"खालच्याला द्यायचा तर सगळं खोलावं लागेल."

"खोलतोच आहेस तर चाप बदल!"

तुम्हाला सांगते, तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटत होतं. खोलतोच आहे ना! मजुरी तीच! चाप बदलला तर म्हणे आतला खटकाही बदलायला हवा, खटका बदलला तर स्प्रिंग. मग नळी. नळी का? तर सगळं नवीन आणि नळी तेवढी जुनी, ते दिसायला कसं दिसतं, लग्नात नवरीच्या अंगावर शालू आणि पायात गमबूट! मी गमबूट बदलले. दर आठवड्याला ऑटोचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "रोंडा, बसलीयस का?" मी बसायची. एकदा मी त्याला म्हटलं, "ऑटो, पैशांऐवजी थोडं जेवणाचं आणून दिलं तर..." तो घाईघाईने म्हणाला, "नको नको, शेंगा नकोत, पैसेच दे."

शेवटी काय झालं, सांगू? शेवटी व्हर्जिलच्या हिरव्या चटईवरच्या त्या पहिल्या, चकचकीत, तयार पिस्तुलासारखी दोन आली असती एवढ्या पैशांत माझा स्वस्तातला बेस तयार झाला. हे मी क्लेटनला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. पण दिसायला... अहो, दृष्ट लागावी! निळसर काळा, अक्रोडाची मूठ, माशी अशी की जणू चांदणीच उतरलीय. डब्यातसुद्धा मी आतून हिरवं मखमली कापड चिकटवलं. स्वतः. डबाही बेसच होता ना.

मग मी केला तो गाढवपणा. शुक्रवारी मासळीच्या जेवणाला मी फोनवर फोटो काढून डार्लाला दाखवला. काय काय बदललं ते सगळं, एकेक करून, बोट ठेवून दाखवलं! डार्लाने फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. चेहऱ्यावर ते मधातलं हसू. "अगं बाई, किती गं सुंदर! चापसुद्धा? आणि नळीसुद्धा? अय्या! असंच घेऊन ये हं मॅचला. अगदी असंच."

मी घरी येऊन क्लेटनला म्हटलं, "बघ, जळली!" क्लेटन शिकारीचं सामान भरत होता. तो म्हणाला, "डार्ला जळत नाही. डार्ला वाचते."

मला वाटलं, काहीतरी बरळतोय. पाच शब्द बोलला म्हणजे दमला असेल.

मॅचचा दिवस. नवरे जंगलात, बर्फ भुरभुरतंय, क्लबात किटली उकळतेय. दाराशी टेबल, टेबलामागे म्युरिएल. म्युरिएल आमच्या पोस्टात असते, आणि कमी तिकीट लावलेलं पत्र ती कोणाचं सोडत नाही, चर्चच्या पाद्र्याचंसुद्धा नाही. दरवर्षी तीच सगळ्यांची पिस्तुलं तपासते. दरवर्षी क्लेटनचा ओंडका बघून ती नुसतं "पुढे" म्हणायची. या वर्षी मी मखमलीचा डबा उघडला. हॉलमध्ये "ओऽऽ" झालं. मला तर वाटलं, आता उचलून डोक्यावरच घेतात मला.

म्युरिएलने साखळीचा चष्मा नाकावर घेतला. "मूठ?"

"बदलली," मी म्हटलं, अभिमानाने.

"मुठीच्या फळ्यांना परवानगी आहे. माशी?"

"बदलली!"

"हं. चाप?"

"तोही!"

"नळी?"

इथे मला जरा... म्हणजे तिच्या आवाजात काहीतरी खटकलं मला. "नळी... म्हणजे ऑटो म्हणाला की..."

"ऑटो इथे मॅच खेळत नाही. रोंडा, कारखान्यातून आलेलं यात काय उरलंय?"

मी खूप विचार केला. "नंबर," मी म्हटलं.

म्युरिएलने चष्म्यावरून वर बघितलं. तिच्या डोक्यावर, कॉफीच्या किटलीच्या वर, भिंतीवर, चौकटीत, माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भरतकाम केलेला मॅचचा नियम. आजूबाजूला छोटी छोटी हरणं. मी दरवर्षी त्याच्याखाली उभी राहून कॉफी ओतून घ्यायची, हरणं काय गोड भरलीयत म्हणायची. अक्षरं कोणी वाचली होती! "पिस्तूल दुकानातून आलं तसंच. मुठीखेरीज काही बदललेलं चालणार नाही. श्रीमंताच्या बंदुकीने भांडं जिंकता येणार नाही. आर्डिस."

मुठीखेरीज.

पातळ फळ्या! अक्रोडाच्या! ज्या लावल्यावर सगळ्या गोळ्या काळ्या ठिपक्यात गेल्या होत्या! ऑटो म्हणाला होता, पुरे आता, घरी जा! अहो, मी घरी जायला हवं होतं! भांडं तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन बसलंच होतं, मीच त्याला खाच कापून, रंग देऊन, नळी बदलून घालवलं!

मागे डार्ला उभी. हातात तिचं ते साधं, करडं, खरखरीत पिस्तूल. कोणतं असेल? ओळखा! हो, तेच! माझ्या बेसचं सख्खं भावंड! बाईने त्याला तेल घालण्यापलीकडे काही केलेलं नाही.

पण थांबा, म्युरिएल निर्दय नाही. ती म्हणाली, "क्लबचं एक पिस्तूल आहे कपाटात. त्याने खेळलीस तर भांड्याच्या मॅचमध्ये धरते. नाहीतर या... या दागिन्याने खेळायचं तर खुल्या गटात."

"खुल्या गटात कोण आहे?"

"अजून कोणी नाही."

आता तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय होतं? क्लबचं घे, खेळ, भांडं जिंक! मी ते हातात घेतलंसुद्धा. चांगलं होतं हो. मूठही बरी होती. डोळ्यांसमोर माझं टेबल आलं, जोडफळी बाहेर काढलेली, निळं भांडं मधोमध... आणि मग मखमलीत पडलेलं माझं पिस्तूल माझ्याकडे बघायला लागलं. ऑटोचे ते सगळे फोन. ती चांदणी. एवढं सगळं करून ते आता डब्यातच ठेवायचं? कोणी बघणारही नाही? आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, मी सांगते, माझे नव्हतेच ते, "मी माझंच खेळते."

तर खुला गट. मी एकटी. मी उभी राहिले, श्वास घेतला, आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात अशी नेमबाजी मी केली नाही आणि पुन्हा करणार नाही. चाप लोण्यासारखा. माशी चांदणीसारखी. कागद परत आला तेव्हा मध्यभागी एकच भोक, एवढं मोठं, फाटलेलं, सगळ्या गोळ्या त्यातूनच गेलेल्या. म्युरिएलने मोजलं. परत मोजलं. दिवसातला सगळ्यात मोठा आकडा. डार्लापेक्षा कितीतरी वर. आमच्या मॅचच्या इतिहासातला सगळ्यात मोठा.

आणि भांडं डार्लाला.

डार्ला माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी. तिने माझा कागद घेतला, उजेडासमोर धरला, त्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि मध बिध काही न लावता, साध्या आवाजात म्हणाली, "आई असती ना, तर हा तिने फ्रिजवर लावला असता." मग ती पटकन पुढे म्हणाली, "आणि तुझ्या त्या शेंगा सोडून सगळ्यांनी फ्रिजच रिकामा केला होता, त्यामुळे आतही जागा भरपूर होती."

मग बक्षिसं. म्युरिएलने चष्मा लावून वाचलं, "खुला गट. पहिली, रोंडा. दुसरी, कोणी नाही. तिसरी, कोणी नाही." टाळ्या पडल्या. खुल्या गटाला बक्षीस असतं हे कोणालाच आठवत नव्हतं, कारण त्यात कधी कोणी खेळलंच नव्हतं. म्युरिएल आत गेली, फ्रीजरमध्ये बरंच शोधलं, आणि किराणा दुकानाने दिलेली एक पिशवी माझ्या हातात ठेवली. गारठलेली, दगडासारखी.

पावाच्या कणकेचे गोठवलेले गोळे. घरी नेऊन भाजायचे.

मी त्या पिशवीकडे बघितलं. पिशवीने माझ्याकडे बघितलं. अख्खा हॉल आमच्या दोघींकडे बघत होता. आणि मग मीच हसले, आणि मग सगळ्या हसल्या, डार्ला तर एवढी की भांड्याला धरून खाली बसली.

क्लेटन या वेळी जंगलातून लवकरच परत आला, हरणाशिवाय. मी सगळं सांगितलं, पैशांचं सोडून. मग माझा तो भोकाचा कागद त्याने घेतला आणि फ्रिजवर लावला. "हं," म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण तो कोणत्याच जुन्या अर्थात बसत नव्हता.

आता गुरुवारी थँक्सगिव्हिंग. डार्लाकडे. पाव माझ्याकडे. आणि या वेळी निदान दुकानातले भाजलेले पाव नाहीत, मी स्वतः जिंकलेले! मघाशीच तिचा फोन आला होता. "अगं राणी, ते गोळे ना, पिशवीवर लिहिलंय तसेच भाज हं. जसे आलेत तसे. वाचलंस ना पिशवीवर? त्यांना अज्जिबात हात लावू नकोस."

मी म्हटलं, "नाही गं, हात कशाला लावतेय!"

आणि फोन मानेत धरूनच ठेवावा लागला मला, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत लसणात आणि चीजमध्ये होते... आता तुम्हीच सांगा, एवढा चांगला बेस, तोही फुकट, नुसता कसा भाजायचा?